तंद्री लावायची कशी: कामाला बसण्याआधीपासून उठेपर्यंत

‘आज मूड नाही’ म्हणून वही मिटणाऱ्या नवशिक्याचा क्रम चुकलेला असतो. आधी मूड येईल, मग काम होईल, असं तो धरून चालतो. नेमाने काम करणाऱ्यांकडे नीट पाहिलं तर उलटं दिसतं. हात चालू होतो, पहिली पंधरा-वीस मिनिटं रटाळ जातात, रेषा आखडलेल्या येतात आणि मग कधीतरी घड्याळाचं भान सुटतं. मराठीत याला ‘तंद्री लागणं’ म्हणतात. शब्द नेमका आहे, कारण ती झोपेसारखीच लागते. हुकूम सोडून झोप येत नाही, पण अंधार, अंथरूण आणि ठरलेली वेळ यांची सोय केली की बहुतेक रात्री येते. इथे तशीच सोय पायरीपायरीने दिली आहे. उदाहरणं मुख्यतः चित्रकलेची आहेत. लिहिणाऱ्यांना आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना जिथे वेगळं काही करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

एका बैठकीला दीड तास धरा: ५ मिनिटं बसायला, १५ हात मोकळा करायला, ५० प्रत्यक्ष कामाला, १० विश्रांतीला, १० आवरायला. दीड तास निघत नसेल तर चाळीस मिनिटांत ३, १०, २२ आणि ५ अशी वाटणी करा, विश्रांती गाळा. त्याहून कमी वेळात सराव होतो, तंद्री क्वचित लागते. अर्ध्या तासाची बैठक म्हणजे पाणी तापायच्या सुमारास गॅस बंद करण्यासारखं आहे.

पायरी १: आदल्या रात्रीच

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न रात्री एका चिठ्ठीवर लिहून कामाच्या जागी ठेवा. प्रश्न एका बैठकीत तपासता येईल इतका लहान हवा. ‘काहीतरी छान काढायचं’ हा प्रश्न नव्हे. ‘बाटलीची सावली दोनच टोनमध्ये, म्हणजे गडद-उजळाच्या दोनच पायऱ्यांत, बसवता येते का?’ हा प्रश्न आहे. ‘म्हातारपणावर कविता’ हा विषय झाला. ‘आजोबांच्या चपलांवरून सुरुवात केली तर चौथ्या ओळीपर्यंत माणूस दिसतो का?’ हा प्रश्न झाला. चिठ्ठी नसली की बैठकीची पहिली वीस मिनिटं ‘काय करू’ यात जातात, आणि हीच वीस मिनिटं पुढे ‘मला सुचत नाही’ या नावाने लक्षात राहतात.

साहित्यही रात्रीच मांडा. फेकायचे साधे कागद दहा-पंधरा. चांगला कागद एक, चारही बाजूंनी मास्किंग टेपने फळीवर बसवलेला. २बी आणि ६बी पेन्सिली टोक काढून. पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात मिसळायला. एकाच भांड्यावर भागवलं की अर्ध्या तासात सगळे रंग मळकट होतात. एक जुनं फडकं. ब्रश तीनच: एक रुंद चपटा, एक मध्यम गोल, एक बारीक. अॅक्रिलिक रंग मात्र रात्री काढून ठेवू नका, सकाळपर्यंत त्यांची चामडी होईल. जलरंगांच्या वड्यांवर बसण्याआधी पाच मिनिटं पाण्याचे दोन-तीन थेंब टाका, म्हणजे रंग सुटायला ब्रश घासावा लागत नाही.

हे सगळं शिस्तीसाठी सांगितलेलं नाही. काम रंगायला लागतं त्याच क्षणी फडकं आणायला उठावं लागलं, तर परत बसताना पुन्हा शून्यातून सुरुवात होते, एवढंच कारण आहे.

प्रकाश उजव्या हाताने काम करणाऱ्याला डावीकडून आणि डावखुऱ्याला उजवीकडून यावा, म्हणजे हाताची सावली रेषेवर पडत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘फक्त सायलेंट’ पुरत नाही. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामाला चिकटून राहतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये याला लक्षाचा उरलेला गाळ अशा अर्थाचं नाव दिलं. बसण्याच्या अगदी आधी वाचलेला, उत्तर न दिलेला एक मेसेज पुढची वीस मिनिटं खातो तो असा. म्हणून बसण्याआधीच्या दहा मिनिटांत मेसेज वाचायचेच नाहीत. वाचलाच तर उत्तर देऊन टाका, किंवा ‘संध्याकाळी सहाला उत्तर’ असं कागदावर लिहून मनातून काढा. संदर्भाचे फोटो फोनमध्ये असतील तर आदल्या दिवशी छापून घ्या.

कॉफी-चहाचं गणित सोपं आहे. कॅफिनचा जोर साधारण अर्ध्या ते एका तासात चढतो आणि त्यातलं निम्मं उतरायला सुमारे पाच तास लागतात. त्यामुळे कप बसण्याच्या अर्धा तास आधी प्या आणि रात्रीच्या बैठकीत टाळा; दुसऱ्या दिवशीची बैठक झोपेवर चालते. दारूबद्दल कलावंतांच्या दंतकथा पुष्कळ आहेत. प्यायल्यावर आपलं काम चांगलं वाटतं, हे खरं. ते चांगलं झालेलं असतं असं नाही.

पायरी २: उंबरठा

बसल्यापासून पहिली रेघ मारेपर्यंत तीन-चार कृती ठरवून टाका आणि रोज त्याच क्रमाने करा. दिवा लावणं, पाणी भरणं, हात धुणं, चिठ्ठी मोठ्याने वाचणं. गाणारा तानपुरा जुळवतो तेव्हा स्वर तर लागतोच, शिवाय कानही बाहेरच्या आवाजांतून आत येतात. तेच इथे करायचं आहे. संगीत लावत असाल तर शब्द नसलेलं लावा, निदान लिहिणाऱ्यांनी तरी. गाण्यातले शब्द आणि आपले शब्द एकाच वाटेने येतात आणि धक्काबुक्की होते. एकच तुकडा फक्त कामाच्या वेळी ऐकायचा असं ठरवलं, तर दोन-तीन आठवड्यांत तो सुरू होताच हात कामाकडे वळायला लागतो. तोच तुकडा स्वयंपाकघरात आणि प्रवासात ऐकलात तर हा गुण जातो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे उंबरठाच वाढत जातो. आधी पाणी, मग टेबल पुसणं, मग कपाट लावणं, आणि मग पेन्सिलींची रंगानुसार मांडणी. पाच मिनिटांचा गजर लावा. तो वाजला की कृती पूर्ण झाल्या असोत वा नसोत, कागदावर रेघ पडलीच पाहिजे.

पायरी ३: हात मोकळा करणं

सगळ्यात जास्त नवशिके ही पायरी गाळतात, आणि खरं काम इथेच होतं. पंधरा मिनिटं, साधे कागद, आणि यातलं काहीही ठेवायचं नाही ही अट.

पहिली दोन मिनिटं वर्तुळं आणि लंबवर्तुळं काढा. मनगट बांधल्यासारखं स्थिर ठेवून खांद्यातून हात फिरवा. कागद निदान ए३ आकाराचा हवा, नाहीतर खांद्याला जागाच मिळत नाही. टोक टेकवण्याआधी हवेत दोनदा फिरवून घ्या आणि त्याच झोकात खाली उतरवा. पेन्सिल लिहिण्यासारखी न धरता आडवी, टोकापासून चार-पाच बोटं मागे धरा. रेघ थरथरत असेल तर तुम्ही फार सावकाश जाताय.

पुढची पाच मिनिटं जेस्चर, म्हणजे नुसता झोक पकडणारी झटपट रेखाटनं. माणूस, प्राणी, झाड, खुर्चीवर टाकलेला शर्ट, काहीही चालेल. प्रत्येकाला ३० सेकंद, असे दहा. बाह्यरेषा काढायची नाही. वजन कुठे आहे, कल कुणीकडे आहे, तेवढंच दोन-चार झपाट्यांत. तीस सेकंदांत नाक-डोळे काढायला वेळच नसतो, आणि म्हणूनच वेळ तीस सेकंद ठेवली आहे. तपशिलात घुसण्याची सवय मोडायला गजराइतका चांगला शिक्षक नाही.

मग पाच मिनिटं न बघता बाह्यरेषा, म्हणजे ब्लाइंड कंटूर. कला-शिक्षक किमॉन निकोलाइड्स यांच्या १९४१ साली आलेल्या चित्रकलेच्या पुस्तकामुळे बाह्यरेषेचा हा सराव सर्वत्र पोचला. वस्तू म्हणून स्वतःचा दुसरा हात घ्या. पेन्सिल कागदावर टेकवा, नजर हाताच्या कडेवर एका बिंदूवर ठेवा, आणि पेन्सिलचं टोक त्या बिंदूलाच टेकलं आहे अशी कल्पना करा. आता नजर मुंगीच्या चालीने कडेवरून सरकवा आणि तेवढ्याच वेगाने पेन्सिल. कागदाकडे पाहायचं नाही. पेन्सिल उचलायची नाही. एका बोटाला निदान मिनिटभर लागलं पाहिजे. चित्र वेडंवाकडं येणार, बोटं सहा दिसणार, तळवा अंगठ्यापासून सुटलेला असणार. चालेल. तीन-चार मिनिटांनी डोक्यातली बडबड कमी झाल्याचं जाणवेल. काढताना मनात ‘बोट, नख, घडी’ अशी नावं येणं थांबलं आणि नुसते चढ-उतार दिसू लागले, की सराव लागू पडला असं समजा.

बिघडतं ते बहुधा तीन प्रकारांनी. चोरून कागदाकडे पाहिलं जातं: त्यावर उपाय म्हणजे एका पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून पेन्सिल आरपार घाला, पुठ्ठा हातावर छत्रीसारखा राहतो आणि कागद झाकतो. वेग वाढतो: तसं झालं तर पुन्हा सुरुवातीच्या बिंदूवर या. आणि पेन्सिल दाबली जाते: याचा अर्थ चित्र ‘बरोबर’ यावं ही इच्छा अजून गेलेली नाही, टोक मऊ करा, ६बी घ्या.

उरलेल्या तीन मिनिटांत एखादं रेखाचित्र उलटं ठेवून उलटंच उतरवायला घ्या. पूर्ण होणार नाही, पुढच्या दिवशी तिथून पुढे. कला-शिक्षिका बेट्टी एडवर्ड्स यांच्या १९७९ सालच्या पुस्तकामुळे हा सराव घरोघरी झाला. मेंदूचा उजवा भाग कलावंत आणि डावा हिशेबनीस, हे त्यामागचं स्पष्टीकरण आजच्या मेंदूविज्ञानाला इतक्या सोप्या रूपात मान्य नाही. सराव मात्र टिकला, कारण उलट्या चेहऱ्यात ‘डोळा’ ओळखू येत नाही आणि नाइलाजाने रेषा जशी आहे तशी पाहावी लागते.

लिहिणाऱ्यांनी या पंधरा मिनिटांऐवजी दहा मिनिटं न थांबता हाताने लिहावं. खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ हेच लिहीत राहायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी कंटाळून मन दुसरं काहीतरी देतंच. गाणाऱ्यांनी खालच्या सप्तकातले लांब स्वर, लय न धरता. वादकांनी ओळखीच्या तुकड्याचा निम्मा वेग.

कागदांवर तारीख टाकून ते गठ्ठ्यात सरकवा. त्या दिवशी पुन्हा पाहू नका.

पायरी ४: कोरा कागद मळवणं

पांढरा कागद दोन कारणांनी जड जातो. एक तर त्यावरची पहिली रेघ एकटी असते आणि म्हणून चुकीची वाटते. दुसरं, पांढऱ्यावर कुठलाही टोन आहे त्याहून गडद दिसतो, त्यामुळे हात घाबरत फिका चालतो. दोन्हीवर उपाय एकच, पांढरेपणा आधीच घालवा. बर्न्ट सिएना किंवा रॉ अंबर या तपकिरी छटांच्या अॅक्रिलिकचा एक भाग आणि पाणी आठ-दहा भाग, रुंद ब्रशने सगळीकडे, दोन मिनिटांत. कमीअधिक डाग राहिले तर राहू द्या. पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत वाळतो, म्हणजे हात मोकळा करायला बसण्याआधी लावला की वेळेवर तयार. तैलरंगात काम असेल तर हा अॅक्रिलिकचा थर खाली चालतो. उलटं, तेलाच्या थरावर अॅक्रिलिक लावू नका, ते धरत नाही आणि पुढे सोलून निघतं. कोळशाचं काम असेल तर सगळा कागद कोळशाने राखाडी करून कापडाने पुसा आणि उजेडाच्या जागा मळता येणाऱ्या खोडरबरने उचला. तिथे चित्र रेघेऐवजी उजेडापासून सुरू होतं.

काय काढायचं हेच सुचत नसेल तर डागांचा मार्ग घ्या. हा मार्ग जुना आहे. भिंतीवरचे ओलीचे डाग पाहत बसा, त्यात डोंगर, लढाया, चेहरे दिसतील, असा सल्ला लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना दिला होता. इंग्लंडमध्ये चित्रकार अलेक्झांडर कझन्सने १७८५ च्या सुमारास शाईच्या डागांतून निसर्गचित्र रचण्याची रीतसर पद्धतच छापली. चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांतून जंगलं काढली.

करायचं असं. पाच साधे कागद घ्या. प्रत्येकावर पातळ शाईचे दहा-बारा थेंब टाका, कागद घडी घालून दाबा, उघडा, वाळू द्या. एकेक कागद चारही बाजूंनी फिरवा आणि प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट नुसतं पाहा. काही दिसलं की जास्तीत जास्त चार रेघांत ते पक्कं करा. चारच, कारण पाचव्या रेघेपासून डाग मरतो आणि सराईत, घोटलेलं चित्र सुरू होतं. पाचांपैकी तीन कागद निकामी जातील असं धरूनच पाच घेतले आहेत.

पायरी ५: स्वतःला बांधून घेणं

‘काहीही करायला मोकळीक’ ही नवशिक्याला अडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट आहे. अनुभवी माणूस मोकळीक मिळाली की आधी ती कमी करतो. चित्रकार योझेफ आल्बर्स १९५० पासून १९७६ मध्ये मृत्यू होईपर्यंत एकात एक चौरसांची चित्रं करत राहिला, हजारावर. बदलले ते मुख्यतः रंग. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये फ्रेंचमधलं सर्वाधिक येणारं अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली.

तुमच्या बैठकीला साहित्य, विषय आणि वेळ या तिन्हींपैकी दोन बांधा, तिसरं मोकळं सोडा. उदाहरणार्थ: एक निळा, एक तपकिरी आणि पांढरा, एवढेच रंग; चित्राला चाळीस मिनिटं; विषय कुठलाही. किंवा एकच कप, चाळीस मिनिटांत सात वेळा, हवी ती साधनं. तिन्ही बांधले तर गुदमरायला होतं. एकच बांधलं तर बहुधा फरक जाणवत नाही.

बंधन किती कडक असावं हे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या मांडणीवरून ठरवता येतं. माणूस कामात बुडतो त्या अवस्थेचा त्यांनी अनेक दशकं अभ्यास केला. त्यात कौशल्य आणि आव्हान यांचा तोल हवा, पुढचं पाऊल स्पष्ट हवं, आणि पाऊल बरोबर पडलं की नाही हे लगेच कळायला हवं, असं त्यांना दिसलं. म्हणून कामाच्या दहाव्या मिनिटाला स्वतःकडे पाहा. जांभया येताहेत, मन घरातल्या कामांकडे जातंय, तर काम सोपं आहे: एक रंग काढून टाका, ब्रश दुप्पट मोठा घ्या, वेळ निम्मी करा. खांदे वर गेलेत, श्वास अडकलाय, दर मिनिटाला खोडताय, तर काम अवघड आहे: आकार लहान करा, दृश्याचा एक कोपराच घ्या, रंग सोडून फक्त टोन करा. ‘मूड नाही’ या एकाच तक्रारीखाली या दोन अगदी उलट अडचणी लपलेल्या असतात, आणि एकीचं औषध दुसरीला दिलं की दुखणं वाढतं.

पायरी ६: करणारा आणि तपासणारा

दोघांना एका वेळी खोलीत घेऊ नका. २००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि अॅलन ब्रॉन या संशोधकांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांचे मेंदू स्कॅनरमध्ये पाहिले. पाठ केलेला तुकडा वाजवताना नव्हे, पण उत्स्फूर्त वाजवताना, स्वतःवर पाळत ठेवण्याशी जोडलेला कपाळामागचा एक भाग मंदावलेला दिसला. सहाच माणसं होती, त्यावरून फार मोठं काही सिद्ध करायला नको. पण कुठल्याही स्टुडिओत जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं.

व्यवहारात असं करा. एका कागदावर साधारण ५ बाय ७ सेंटिमीटरच्या बारा चौकटी आखा. प्रत्येकीत चित्राची एक वेगळी मांडणी, दोन मिनिटांत, पेनने. खोडरबर टेबलावर नकोच. चोवीस मिनिटं लागतील. पहिल्या तीन-चार चौकटी शिळ्या असतील, कारण डोक्यात वरच्यावर पडलेलं तेच आधी बाहेर येतं. पाचवी-सहावी ओढूनताणून येते आणि बहुतेक लोक इथे सोडतात. नेमकं यापुढेच काहीतरी निराळं निघतं, म्हणून बारा हा आकडा आधीच आखून ठेवायचा; रिकामी चौकट डोळ्यांना टोचते. मध्येच ‘हे बाळबोध आहे’, ‘हे कुणीतरी आधीच केलंय’ असा आवाज आला तर त्याच्याशी वाद घालू नका. बाजूच्या कागदावर ते वाक्य लिहा, पुढे ‘नंतर’ लिहा, आणि चौकटीकडे परत या.

मग दहा मिनिटं विश्रांती, खोलीबाहेर. परत आल्यावर तपासणाऱ्याची पाळी. कागद भिंतीला लावून तीन मीटर मागे जा. डोळे किलकिले करा म्हणजे तपशील विरघळतो आणि गडद-उजळ मांडणी तेवढी उरते. एक निवडा. निवडीचं कारण एका वाक्यात लिहा. ‘आवडलं’ हे कारण चालणार नाही, ‘गडद भाग एका बाजूला झुकल्याने तणाव आला’ हे चालेल. चोवीस मिनिटं चौकटींत गेल्यावर उरलेल्या वेळात चित्र पुरं होत नाही, म्हणून पहिल्या दिवशी नुसत्या चौकटी आणि दुसऱ्या दिवशी चित्र, अशी विभागणी बरी पडते.

चित्र चालू असताना तपासणं पूर्ण टाळता येत नाही, प्रमाणं पाहावीच लागतात. त्याची वेळ बांधा: दर पंधरा मिनिटांनी एकदा मागे जाऊन किंवा आरशात चित्र पाहा. आरशात ते उलटं होतं आणि सवयीने न दिसलेली चूक एकदम दिसते. मधल्या पंधरा मिनिटांत मात्र चूक दिसली तरी पुढे जा.

पायरी ७: मध्येच अडलं तर

वीस मिनिटं प्रामाणिकपणे हात चालवूनही काही हलत नसेल तर उठा. त्याआधी उठू नका, कारण पहिल्या दहा मिनिटांतली चुळबुळ ही अडचण नसून पायरी ३ अपुरी झाल्याची खूण असते.

उठून चाला. मरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ या संशोधकांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, चालताना लोकांना सुचणाऱ्या वेगवेगळ्या कल्पनांमध्ये सरासरी सुमारे ६० टक्के वाढ दिसली; खोलीत भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालूनही फायदा झाला. पण एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांना चालण्याचा उपयोग झाला नाही. त्यामुळे नवी मांडणी हवी असेल तर चाला. खांद्याचं माप जुळत नसेल तर बसून मोजा, चालून ते जुळणार नाही. चालताना कानात काही लावू नका. खिशात लहान वही ठेवा; बेथोव्हेन फिरताना अशीच वही बाळगत असे.

दुसरा उपाय डुलकीचा. चित्रकार साल्वादोर दालीने १९४८ च्या आपल्या पुस्तकात तो दिला आहे: खुर्चीत बसायचं, बोटांत जड किल्ली लोंबती धरायची, खाली ताटली उपडी ठेवायची. झोप लागते त्या क्षणी किल्ली पडते, आवाजाने जाग येते, आणि डोळ्यांपुढे जे तरळत होतं ते लगेच उतरवायचं. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी गणिताच्या कोड्यावर याची परीक्षा घेतली. झोपेच्या पहिल्या, उथळ टप्प्यात निदान पंधरा सेकंद राहिलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना कोड्यातला लपलेला नियम सापडला, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना, आणि त्याहून खोल झोपेत गेलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांना. कोडं म्हणजे चित्र नव्हे, पण एक गोष्ट ध्यानात घ्या: आडवं होऊन अर्धा तास झोपलात तर उपाय उलटतो, वर उठल्यावर जडपणा येतो तो वेगळाच. खुर्ची सरळ पाठीची हवी.

चालणं काय, डुलकी काय, आधी डोक्यात माल भरलेला असेल तरच चालतात. इंग्लंडमधल्या ग्रॅहम वॉलस या अभ्यासकाने १९२६ मध्ये सुचण्याचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरणं, उजेड पडणं, तपासणं. मुरण्याआधी तयारी आहे हे लोक विसरतात आणि काहीच न घालता मुरवत बसतात.

तिसरा उपाय यांत्रिक आहे. वीस चिठ्ठ्यांवर एकेक आज्ञा लिहून डब्यात ठेवा: ‘सगळ्यात आवडलेला भाग झाक’, ‘डाव्या हाताने’, ‘निम्मं काढून टाक’, ‘कागद उलटा कर’, ‘सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागा अदलाबदल कर’. संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये अशा सूचनांची पत्त्यांसारखी पेटी काढली होती, पण स्वतःच्या चुका ओळखून स्वतः लिहिलेल्या चिठ्ठ्या जास्त उपयोगी पडतात. एकच चिठ्ठी काढा आणि पाळा. आवडेपर्यंत दुसरी, तिसरी काढत राहिलात तर निवडत बसणारा तपासनीस पुन्हा आत आला.

पायरी ८: उठणं

दमून, रिकामे होऊन उठू नका. पुढे काय करायचं हे कळलेलं असतानाच थांबा. लेखक हेमिंग्वे रोज तसंच थांबत असे. मग दोन ओळी लिहा: ‘आत्ता इथे आहे’ आणि ‘उद्या पहिल्यांदा हे’. दुसरी ओळ म्हणजेच उद्याची चिठ्ठी, पायरी १ चं निम्मं काम झालं. अॅक्रिलिकचे ब्रश तेव्हाच धुवा, वाळले की केस कायमचे चिकटतात. ब्रश केस वर करून उभे न ठेवता आडवे वाळवा, नाहीतर पाणी दांड्यात उतरून केस धरणारा पत्रा सैल होतो. चित्र कुणालाही दाखवू नका, निदान उद्याची बैठक होईपर्यंत. कौतुक झालं तर ते टिकवायची धडपड सुरू होते, टीका झाली तर बचावाची. दोन्हींत हात आखडतो.

नोंदवही

पहिले चौदा दिवस रोज एक ओळ लिहा: बसल्याची वेळ, झोप किती तास, कुठलं बंधन, घड्याळ विसरायला किती मिनिटं लागली (अंदाजे, न विसरल्यास ‘नाही’), कुठे अडलं. चित्र चांगलं झालं का, हे लिहू नका. ते लिहायला लागलात की आकडे खुशामत करतात. दर वेळी एकच गोष्ट बदला. वेळही बदलली, संगीतही, कागदही, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

चौदा ओळींपैकी निम्म्यांत ‘नाही’ असेल तर नवशिक्यासाठी ते नेहमीचं आहे. सगळ्याच ‘नाही’ असतील तर आधी झोपेचा रकाना पाहा, मग बैठकीची लांबी, मग बंधन, याच क्रमाने. कामातच नव्हे तर एरवी आवडणाऱ्या कशातच दोन आठवडे रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. त्यावर ब्लाइंड कंटूर हा उपाय नाही.

आणि ज्या दिवशी दीड तास काय, चाळीस मिनिटंही निघत नाहीत, त्या दिवशी उंबरठ्याच्या कृती करून फक्त दहा जेस्चर काढा. एकूण दहा मिनिटं. नोंदवहीत ती ओळही लिहा, पुढे ‘लहान’ असा शेरा मारून.